ट्रॉलीत पाय ठेवण्याआधी



४ एप्रिल २०२५ ची सकाळ. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या बाया हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. रोजच्यासारखीच ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली, डबे, पाण्याच्या बाटल्या, डोक्याला बांधलेले रुमाल. नांदेड जिल्ह्यातल्या आलेगावच्या शिवारात ती ट्रॉली विहिरीत पडली. विहिरीत पाणी भरलेलं होतं. मोटारी लावून पाणी उपसावं लागलं. सात जणी गेल्या, तिघांना जिवंत वर काढता आलं.

ही बातमी तुम्ही सगळ्यांनीच ऐकली. काही दिवस बोलणं झालं, हळहळ झाली. पंतप्रधानांच्या निधीतून दोन लाख आणि राज्य सरकारकडून पाच लाख अशी मदत जाहीर झाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आपापल्या गावात पुन्हा ट्रॉली येऊन उभी राहिली आणि बाया चढल्या. चढणार नाहीत तर काय करतील? रोज बुडतो.

आम्ही हे विष्णुपुरीहून बोलतो आहोत. नांदेडहून लोह्याकडं, पुढं अहमदपूर-लातूरला जाणारा रस्ता आमच्या जवळून जातो आणि सरकारी मेडिकल कॉलेजचा मोठा दवाखाना इथंच आहे. १०८ च्या गाडीचा भोंगा ऐकू आला की इथली बाई हातातलं काम थांबवून आधी मनातल्या मनात घरातली माणसं मोजते. कोण कुठं गेलंय, कोण गाडीवर आहे. हे मोजणं आम्हाला इतकं सवयीचं झालंय की ते कुणाला सांगावंसंही वाटत नाही.

सुरक्षित गाडी चालवा असं सांगणारे बोर्ड रस्त्यारस्त्यावर आहेत. ते सगळे चालवणाऱ्यासाठी. आपल्यापैकी बहुतेक जणी चालवत नाहीत, बसतात. नवऱ्याच्या मागं, लेकाच्या मागं, काळीपिवळीत, पिकअपमध्ये, ट्रॉलीत. मग बसणाऱ्या बाईच्या हातात काही आहे का? आमचं म्हणणं, आहे, पण ते गाडी सुरू व्हायच्या आधी आहे. आज त्याच्याबद्दल बोलू. आणि सुरुवात ट्रॉलीपासूनच करू, कारण ट्रॉलीबद्दल कुणी बोलत नाही.

ट्रॅक्टर हे शेतात काम करण्यासाठी बनवलेलं यंत्र आहे. त्याला ब्रेकचे दोन पायडल असतात, एक डाव्या मागच्या चाकाचं, एक उजव्या. नांगरताना किंवा पाळी घालताना कोपऱ्यावर झटकन वळायचं असलं की ड्रायव्हर एकाच बाजूचा ब्रेक दाबतो आणि ट्रॅक्टर जागेवर फिरतो. शेतात हे सोयीचं. रस्त्यावर मात्र हे दोन्ही पायडल एकमेकांना जोडून ठेवायचे असतात, त्यासाठी तिथंच एक छोटी पट्टी किंवा खटका दिलेला असतो. तो लावलेला नसला आणि घाईत पाय एकाच पायडलवर पडला, तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो आणि उलटू शकतो. कितीतरी ट्रॅक्टरवर ती पट्टी गंजून पडलेली असते, नाहीतर कधीच निघून गेलेली असते. ट्रॉलीत चढायच्या आधी पुढं जाऊन दोन पायडल जोडलेले आहेत का एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो. त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही.

आता ट्रॉली. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टर थांबतो तो त्याच्या मागच्या दोन चाकांवर, आणि मागून ट्रॉलीचं सगळं वजन त्याला ढकलत राहतं. सपाट रस्त्यावर, हळू चालीत, हे निभावतं. उतारावर निभावत नाही. उतारावर ट्रॉली पुढं येते, ट्रॅक्टर हुकापाशी वाकडा होतो आणि दोन्ही मिळून खड्ड्यात. त्यात डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची सवय काही ड्रायव्हरांना असते. न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढ संपते, सगळा भार एकट्या ब्रेकवर. ज्या बायांना घाटातल्या, पुलाच्या उताराच्या वाटा माहीत आहेत त्यांना इंजिनाचा आवाज अचानक हलका झालेला कळतो. तो आवाज ऐकला की ओरडायचं, "गिअरमध्ये घे!" लाजायचं नाही.

मागं घेताना तर आणखी घोळ. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागं घेताना स्टिअरिंग उजवीकडं फिरवलं की ट्रॉली डावीकडं जाते. मुरलेल्या माणसालाही ते जड जातं, नवख्या पोराला तर हमखास चुकतं. आणि आपल्या शिवारातल्या विहिरी कशा? कित्येकींना कठडा नाही, काठ जमिनीच्या पातळीला, वर गवत माजलेलं. पांदण अरुंद, एका बाजूला धुरा, एका बाजूला विहीर. पाऊस पडून गेला की काळी माती साबणासारखी.

म्हणून आमचं पहिलं सांगणं साधं आहे. विहीर, कॅनॉल, नाल्यावरचा पूल किंवा मोठा उतार आला की ट्रॉली थांबवायची, सगळ्यांनी खाली उतरायचं आणि तेवढं अंतर चालत जायचं. ट्रॅक्टर मागं घ्यायचा असला तर ट्रॉलीत एकही माणूस नको. पांदणीला लागल्यावर शेत दोन-तीनशे पावलांवर असेल तर तिथंच उतरायचं. आपल्याला दिवसभर वाकून काम करायचं असतं, दोन-तीनशे पावलं जड नाहीत. वेळ जातो म्हणून मुकादम कुरकुर करील. दहा मिनिटांचा प्रश्न आहे.

मडगार्डवर बसायचं नाही. ट्रॅक्टरवर जागा एकट्या ड्रायव्हरची असते. मडगार्डवरून घसरलेलं माणूस थेट मोठ्या चाकाखाली जातं. लेकरांना तिथं बसायची हौस असते आणि बापालाही कौतुक वाटतं, तिथं आईनं कठोर व्हावं. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या दांडीवर कुणी उभं राहायचं नाही. ट्रॉलीत उभं राहायचं नाही, फाळक्यावर पाय सोडून बसायचं नाही. हुकातली पिन खरी आहे की कुणी नुसता सळईचा तुकडा अडकवलाय, तेही पायडलबरोबरच बघून घ्यावं.

आता कायद्याचं. ट्रॉली माल वाहायची असते, माणसं वाहायची नसते. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे त्यातूनच जातात, कारण शेतावर एसटी जात नाही. आम्ही इथं बसून "ट्रॉलीत बसूच नका" म्हटलं तर तुम्ही रेडिओ बंद कराल, आणि बरोबर कराल. पण एक गोष्ट माहीत असायलाच पाहिजे. ट्रॅक्टरचा विमा असला तरी ट्रॉलीत बसलेल्या माणसाला तो सहसा धरत नाही. वीटभट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॉलीवरून एक मजूर घसरला, चाकाखाली आला. त्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००७ साली न्यायालयानं सांगितलं की ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता, ट्रॉलीतला माणूस त्यात येत नाही, म्हणून विमा कंपनी बांधील नाही. तो मजूर फार गरीब म्हणून न्यायालयानं आपला खास अधिकार वापरला आणि कंपनीनं आधी पैसे द्यावेत, मग मालकाकडून वसूल करावेत असा आदेश दिला. असा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. किती जणींच्या घरची माणसं तिथवर जातील?

सात जणी एका वेळी गेल्या तेव्हा मदत जाहीर झाली. एखादी बाई एकटीच ट्रॉलीतून पडते तेव्हा पेपरात दोन ओळी येतात, कधी त्याही येत नाहीत. घरच्यांना मालकाच्या दारात जावं लागतं, आणि मालकही पुष्कळदा आपल्यासारखाच चार-पाच एकरवाला असतो.

तर मग करायचं काय? एकटीनं बोलून चालत नाही, हे आम्हीही जाणतो. एकटी बाई म्हणाली, "मी या ट्रॉलीत बसत नाही," तर मुकादम म्हणतो, "नको बसू मावशी," आणि उद्या तिला हाक मारत नाही. दहा जणी म्हणाल्या तर हळद जमिनीत राहते, सोयाबीन शेतात तडकतं. कामाच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत म्हणून शेतकरी किती कासावीस असतो ते आपण बघतोच. ती आपली ताकद. म्हणून हे काम गटाचं आहे. बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते लिहून झाले की पंधरा मिनिटं यावर बोला. ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या, मुकादमाला वाचून दाखवा. ड्रायव्हर अठराच्या वरचा आणि लायसन्सवाला असेल. प्यालेला नसेल. पायडल जोडलेले असतील. विहिरीजवळ, कॅनॉलजवळ, उतारावर आम्ही उतरून चालू, आणि त्या वेळेची मजुरी कापली जाणार नाही. ट्रॉलीत किती जणी बसणार तेही लिहा. हे मागणं मोठं नाही. कुणाच्या खिशाला त्यात फारशी झळ नाही. मालकालाही समजावून सांगा की विमा त्याला वाचवणार नाही, म्हणजे यात त्याचाही जीव अडकलेला आहे.

मुखेड, कंधार, लोह्याकडच्या ज्या जणी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांनी तर हे उचल घेतानाच बोलावं. संसार, लेकरं, बकऱ्या, सगळं एका गाडीत भरून रात्रभर प्रवास होतो. उचल हातात पडली की मग बोलायला तोंड राहत नाही. रात्री न निघता पहाटे निघायचं, एवढं जरी पदरात पाडून घेतलं तरी पुष्कळ.

उसाच्या ट्रॉल्यांचं आणखी एक. दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, मागं ना दिवा ना रेडियम. अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. लाल रेडियमची पट्टी स्वस्त मिळते. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्या बायांनी ती आणून स्वतःच्या हातानं लावावी. माणसांना सांगत बसलात तर हंगाम संपेल. बैलगाडीच्या मागंही लावा. आणि बिघडलेली ट्रॉली रस्त्यावर उभी करून मागं दगड लावतात, मग ट्रॉली नेतात आणि दगड तसेच ठेवतात, त्याला काय म्हणावं! तसंच सोयाबीन आणि तूर वाळायला रस्त्यावर पसरायची, कडेनं दगड मांडायचे. खळं नाही म्हणून लोक करतात हे कळतं, पण रात्री ते दगड तिथं नकोत. दिवस मावळायच्या आत दगड उचललेच पाहिजेत.

आता मोटारसायकल. सगळ्यात जास्त माणसं इथंच जातात. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणं २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, त्यातली १५ हजारांवर आपल्या महाराष्ट्रातली. हेल्मेट नसलेली ५० हजार २९ होती. आणि त्यातली १४ हजारांहून जास्त गाडी चालवणारी नव्हती, मागं बसलेली होती.

मागं कोण बसतं? आपणच. एका बाजूला पाय सोडून, एका हातानं पिशवी, मांडीवर लेकरू, दुसऱ्या हातानं पदर. पकडायला हातच उरत नाही. नवरा गप्पा मारत चाललेला, अचानक ब्रेकर येतो, गाडी उडते, आणि मागची बाई डांबरावर. तिचं डोकं आधी आपटतं. चालवणाऱ्याला पुष्कळदा खरचटतही नाही. हे असं पडणं आपल्याकडं इतकं होतं की प्रत्येक गावात एखादं तरी नाव निघतं.

दोन्हीकडं पाय टाकून बसावं, ते जास्त सुरक्षित. "लुगड्यात कसं बसू गं?" हा प्रश्न खरा आहे. नऊवारीत बसता येतं, पाचवारीत अवघड. शेतात जाताना आपण साडीवर नवऱ्याचा शर्ट घालतोच की, तसं लांबच्या प्रवासाला सलवार किंवा आत पायजमा घालून साडी वर खोचली तर कुणाचं काही बिघडत नाही. आता कितीतरी सासवाही ड्रेस घालू लागल्यात. ज्यांना नाहीच जमत, त्यांनी निदान पाय पायदानावर टेकलेला ठेवावा, एका हातानं मागची दांडी धरावी आणि पिशवी पुढं टाकीवर द्यावी. पदर आणि ओढणी कमरेला खोचून गाठ मारावी. चाकात ओढणी गेली की गळ्याला फास बसतो. मागच्या चाकावर जी जाळी असते, साडीगार्ड, ती कायद्यानंच सक्तीची आहे. पोरं गाडी चांगली दिसावी म्हणून काढून टाकतात. परत बसवून घ्या.

हेल्मेट मागं बसणारीलाही लागतं, कायदा दोघांनाही सारखा आहे. दंड हजार रुपये आहे आणि आयएसआय मार्कचं चांगलं हेल्मेटही हजार रुपयांच्या आसपास मिळतं. रस्त्याच्या कडेला दोनशेला मिळणारी टोपी घेऊ नका, ती दंडापुरती. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलंय की हेल्मेटमुळं डोक्याला मार लागायचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो. पण पट्टा लावलेला पाहिजे. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी उडून जातं. "अंबाडा बसत नाही," असं बाया म्हणतात. अंबाडा खाली मानेवर बांधा, नाहीतर वेणी घाला. "गावातल्या गावात कशाला?" असंही म्हणतात. शेतात जाताना लागलेला दगड काय लांबच्या दगडापेक्षा मऊ असतो का?

नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या लेकराला गाडीवर नेताना त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि लहान हेल्मेट लावावं, वेग ४० च्या वर नको, असा केंद्राचा नियम आहे. बाजारात हे दोन्ही मिळतं. चौघं-पाचजण एका गाडीवर जातात तेव्हा मात्र कुठलाही पट्टा कामाचा नाही.

वेगाबद्दल एवढंच लक्षात ठेवा. ८० च्या वेगानं चाललेली गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढं जाते. समोर म्हैस आली हे डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण सेकंद जातोच, म्हणजे ब्रेक दाबायच्या आधीच गाडी २२ मीटर गेलेली असते. त्यानंतर थांबायला लागणारं अंतर वेग दुप्पट केला की चौपट होतं. ४० वर चालवणारा ज्या जागी थांबतो, तिथं ८० वाल्यानं ब्रेकही धड दाबलेला नसतो. लातूर रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाल्यापासून पोरांना वाटतं रस्ता चांगला म्हणजे धोका कमी. रस्ता चांगला म्हणून वेग वाढला, आणि कडेनं चालणारी म्हातारी तर तीच आहे.

लेकांचं बोलायचं तर, दहावी झाली की गाडीचा हट्ट. अठराच्या आतल्या पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर आईबापाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे त्याला आधीच ऐकवा. आणि आपण गाडीवरच्या माणसाला फोन करायचा नाही. "कुठं आलास?" म्हणून आपण काळजीनं फोन करतो, तो एका हातानं उचलतो. निघताना फोन कर, पोहोचल्यावर कर, मधे मी करणार नाही, असं ठरवून टाका.

दारूचं प्रकरण यापेक्षा अवघड. लग्न, जावळ, माळेगावची यात्रा, कुठलंही निमित्त. परत निघताना तो प्यालेला, आणि तिनं मागं बसायचं, मांडीवर पोर. पहिल्यांदा दंड दहा हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, पण त्या घडीला कायदा कुठं असतो? भांडून उपयोग नसतो, उलट तो चिडून जास्तच जोरात चालवतो. बाया जे करतात आणि जे चालतं ते सांगतो. जेवणाआधीच गाडीची किल्ली आपल्याकडं घ्यायची. पाहुण्यातल्या बाईला बाजूला घेऊन सांगायचं, "आज मुक्काम करतो आम्ही." मग तिनं मोठ्या माणसाच्या तोंडून म्हणवायचं, "जावईबापू, रात्र झाली, सकाळी चहा घेऊन निघा." मोठ्यानं आग्रह केला की त्याचा मान राहतो आणि तो थांबतो. ज्या घरी पाहुणे येतात त्या घरच्या बायांनीही हे ओळखून आपणहून म्हणावं. अंथरूण-पांघरूण कमी असलं तरी सतरंजीवर रात्र निघते.

काळीपिवळी, जीप, कार यांचं थोडक्यात. मागच्या सीटवरचा पट्टाही लावायचा असतो. ३ जून २०१४ ला सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले. केंद्रात ग्रामविकास मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. गाडीत ते मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता, दुसऱ्या गाडीनं बाजूनं धडक दिली. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन म्हणाले होते की पट्टा असता तर जीव वाचू शकला असता. सगळा मराठवाडा त्या दिवशी रडला. तरी आज किती गाड्यांत मागचा पट्टा कुणी ओढतं? सीटकव्हरखाली गाडलेला असतो तो. यात्रेला गाडी ठरवताना ड्रायव्हर आदल्या रात्री झोपलाय का हे विचारा. पहाटे दोन ते पाच ही वेळ झोपेची. तुळजापूर, पंढरपूर करून लगेच रातोरात परत यायचा हट्ट सोडा.

एवढं करूनही अपघात झालाच तर पहिला तास फार मोलाचा. १०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२. गावाचं नाव, जवळचा फाटा, किती जण जखमी, शांतपणे सांगा. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, मधे मधे उचलून बघू नका. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, ते श्वासनळीत जातं. आपल्याकडं आधी तोंडाला तांब्याच लावतात. त्याला उचलून मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवू नका, मान लचकली तर जन्माचं पांगळेपण येतं. आग किंवा पुन्हा धडकेचा धोका नसेल तर गाडी येईपर्यंत तिथंच मान सरळ धरून ठेवा.

मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती अजून आहे. कायद्यात आता कलम १३४ अ आलंय. मदत करणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही, त्याला नाव सांगायची सक्ती नाही. उलट गंभीर जखमीला तासाभरात दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला राहवीर योजनेतून २५ हजार रुपये मिळतात. मे २०२५ पासून अपघातातल्या जखमीला ठरलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार पैसे न भरता मिळायची योजना लागू झाली आहे. दवाखान्यात गेल्या गेल्या तिची चौकशी करा.

नंतरचे कागद. गुन्ह्याची नोंद, पंचनामा, दवाखान्याचे किंवा शवविच्छेदनाचे कागद, सगळ्यांच्या नकला घ्या. मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत द्यावा, तेरावा-महिना करत बसू नये. धडक देऊन गाडी पळाली, सापडलीच नाही, तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर इजेला ५० हजार मिळतात, अर्ज तहसीलमध्ये किंवा प्रांताकडं. ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरातल्या आणखी एका माणसासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, मृत्यूला दोन लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं तीस दिवसांच्या आत. गाडी चालवताना मृत्यू झाला असेल तर तिथं लायसन्स मागतात.

ट्रॉलीतून मजुरीला जाणाऱ्या कितीतरी जणींच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. वय १८ ते ७०, बँकेत खातं, वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात-पाय गेले तर दोन लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर एक लाख. ट्रॉलीत असो की गाडीवर, तो लागू होतो. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पैसे त्याच्या आधी आपोआप कापले जातात. त्या वेळी खात्यात २० रुपये नसले तर विमा बंद पडतो, आणि बाईला ते कळतही नाही. मे महिन्याच्या बैठकीत गटाच्या सचिवानं सगळ्यांची पासबुकं मागवून तेवढं बघून घ्यावं. वारस म्हणून कुणाचं नाव लिहिलंय तेही त्याच वेळी वाचून दाखवावं.